शिट्टी अजून आमच्याकडेच आहे, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्हाला असलं जाहीर-बिहीर आवडत नाही, माहीत आहे. पण परवा घरी आलात तेव्हा मी आभार मानायला तोंड उघडलं आणि तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पायात चपला सरकवल्यात. कप अर्धा तसाच. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. ते तुम्हाला आम्ही कधी नीट सांगितलंच नाही. पन्हाळा ते पावनखिंड करायचं म्हणून आम्ही एका ग्रुपबरोबर पैसे भरून निघालो होतो. चाळीस जण, पुढं झेंडा, घोषणा, सगळं झकास. मसाई पठाराच्या चढाला लेक मागं पडली. तेव्हा 14 वर्षांची होती. तिथं तो लीडर म्हणवणारा मुलगा मनगटावरचं घड्याळ बघत सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, अशांना कशाला आणता? एकीमुळं चाळीस जण खोळंबलेत." अशांना! मी, हे आणि ती, तिघं तिथूनच परत फिरलो. भाचा आणि धाकटा पुढं गेले, प्रमाणपत्र घेऊन आले. लेकीनं बूट धुतले, वाळवले आणि पिशवीत घालून माळ्यावर टाकले. रडली असती तर बरं वाटलं असतं.

यंदा पुन्हा चौकशी केली तर दुसऱ्या एका साहेबांनी फोनवर पहिला प्रश्न काय विचारावा? "मुलीचं वजन किती?" फोन स्पीकरवर होता आणि लेक समोर ताटावर बसलेली.

त्याच आठवड्यात रंकाळ्यावर सकाळच्या फेरीत यांची तुमच्याशी गाठ पडली. एसटीतले निवृत्त कंडक्टर, मलकापूर-विशाळगड भागात बत्तीस वर्षं ड्यूटी, एवढंच यांनी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, झालं, आता आणखी एक सल्ला देणारे.

यांनी केलेला कागद तुम्हाला आठवत असेल. रंगीत चौकटी, किलोमीटर, दर तासाचा हिशोब. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो एकदा बघितलात आणि विचारलंत, "मुक्काम कुठाय ह्यात?" मुक्कामाच्या रकान्यात यांनी 'तिथे बघू' लिहिलं होतं. "साहेब, मुक्कामी गाडी रात्री कुठं उभी राहणार ते आधी ठरतंय. मग दिवसाचं बघायचं." आणि मग मसाईच्या पलीकडच्या अंगाला, ज्या वाडीत तुम्ही मुक्कामी गाडी घेऊन जायचात आणि ज्या घरची भाकरी खायचात, तिथं फोन लावलात. रामराम झाल्यावर पहिली चौकशी केलीत ती संडासाची. दार लागतं का, रात्री दिवा असतो का, वाट चिखलाची आहे का. काका, इतक्या वर्षांत एकाही सहलवाल्यानं मला हे आपण होऊन सांगितलेलं नाही. दर वेळी मलाच कोपऱ्यात जाऊन हळूच विचारावं लागलंय.

पन्नासेक किलोमीटर दोन दिवसांत चालायचा बेत तुम्ही तिथल्या तिथं मोडीत काढलात. "1660 ला आषाढी पुनवेच्या रात्री महाराज सहाशे बांदल घेऊन राजदिंडीतून उतरले, कारण गडाला सिद्दी जौहरचा वेढा होता. तुमच्या मागं कोण लागलंय?" यावर हे गप्प. पहिल्या दिवशी पन्हाळा, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई ओलांडून खाली मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबर्ड्यापर्यंत पायी आणि तिथून गाडीनं पांढरपाणी, पावनखिंड. बाजीप्रभूंच्या पुण्यतिथीच्या आसपासची तारीखही टाळायला लावलीत, कारण त्या दिवसांत वाटेवर जत्रा आणि घराघरात माणसं. जीन्स नको, सुक्या मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुडी. भाच्यानं बहिणीला "बायकांना हाफ तिकीट" म्हणून चिडवलं, तर तुम्ही तिच्या सॅकमधल्या पाण्याच्या बाटल्या काढून त्याच्या सॅकमध्ये कोंबल्यात आणि म्हणालात, "बरोबर आहे, तुझं फुल. घे."

एवढं सगळं करूनही ती येते म्हणाली नव्हती. माळ्यावरचे बूट खाली काढले ते मी. गाडीत बसली ती खिडकीकडं तोंड करून.

राजदिंडीपाशी बारीक पाऊस होता. सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या खोळी चढवल्या, पोरांचं फोटो काढणं चाललं होतं. तेव्हा तुम्ही शर्टाच्या खिशातून ती शिट्टी काढलीत. खाकी दोरी, दोन ठिकाणी गाठ मारलेली, शिट्टीचं निकल तोंडाशी झिजून पिवळं पितळ दिसायला लागलेलं. गाडी मागं घेताना तुम्ही मारायचात ती. तुम्ही ती लेकीच्या गळ्यात घातलीत आणि आम्हा सगळ्यांना सांगितलंत, "आजपास्नं घंटी हिच्याकडं. एक वाजली की गाडी थांबणार. डबल वाजल्याबिगर कुणी पाऊल उचलायचं न्हाई. ड्रायव्हर कोण का असंना." बस्स, एवढंच. 'बाळ, तुला जमेल हं' वगैरे काही नाही.

मला ते तिथं नीट कळलंही नाही. कळलं ते मसाईवर. धुकं असं उतरलं की दहा पावलांवरची खोळ दिसेना, पायाखाली नुसता कातळ आणि पाणी. तेवढ्यात मागून एक शिट्टी, अगदी घाबरत मारलेली. सगळे थांबलो. धाकट्यानं "आई गं" म्हणून मान टाकली. तुम्ही एका दगडावर टेकलात, शेंगदाणे-गूळ काढलात आणि सगळ्यांच्या हातावर घातलात. ती कमरेवर हात ठेवून उभी, नाकातून पाणी गळतंय, आणि कुणीही तिच्याकडं बघत नव्हतं. तुम्ही भाच्याला मुक्कामी गाडीच्या टपावर रात्री माकडं कशी नाचायची ते सांगत होतात. पाच मिनिटं गेली असतील, सहा असतील. मग टुर्र-टुर्र. तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठलात, "चला, डबल झाली."

त्या दिवशी तिनं सात वेळा थांबवलं. मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी तीनदाच. आणि त्यातली एक तिच्यासाठी नव्हती. करपेवाडीच्या अलीकडं यांचा गुडघा धरला होता आणि हे मुकाट्यानं लंगडत होते. तिनं ते मागून बघितलं आणि शिट्टी मारली. "बाबा, बसा." ऑफिसात पंधरा माणसांना कामाला लावणारे हे, गुपचूप बांधावर बसले आणि डबल होईपर्यंत हलले नाहीत.

त्या घराबद्दल लिहू नको असं तुम्ही बजावलंय, नाहीतर पुढच्या जुलैत मावशींच्या दारात शंभर बूट. वाडीचं नाव लिहीत नाही. पण नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि तो खर्डा यांचं काय करू? पोरांनी घरी येऊन माझ्या पिठल्याला नावं ठेवायला सुरुवात केली आहे. रात्री मला जाग आली तर मावशी चुलीपुढं बसून आमचे बूट एकेक करून फिरवत होत्या, भाकरी शेकावी तसे. एक बाजू झाली की दुसरी. मी उठायला लागले तर हातानंच झोप म्हणून खुणावलं. संडासाकडच्या वाटेवर दिवा रात्रभर चालू होता. पैशांचं नाव काढलं तर त्या "बघू की" म्हणाल्या, आणि शेवटी पैसे तुम्ही त्यांच्या नातवाच्या वहीत ठेवून आलात, ते मी पाहिलंय.

चांगली माणसं असतात हो. एसटीत तर फार असतात. ज्यानं रात्री अकराला उतरणाऱ्या बाईसाठी गाडी घराच्या वळणावर थांबवली, असा एक तरी कंडक्टर कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्येक घराला आठवत असेल. त्यांचे फलक लागत नाहीत. फलक लागतात ते झेंडा घेऊन पुढं पळणाऱ्यांचे.

पावनखिंडीत पायऱ्या उतरल्यावर धाकट्यानं पुन्हा काढलंच, की ताई सगळ्यात शेवटी पोचली. ती तशीच चिखलाच्या पायांनी उभी राहून म्हणाली, "बाजीप्रभू पण मागंच थांबले होते, कळलं?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मी तोंड फिरवून धबधब्याकडं बघत बसले.

तर शिट्टी. परवा तुम्हाला परत द्यायची म्हणून मी टेबलावर काढून ठेवली होती आणि तुम्ही यायच्या आधी ती तिथून गेली. आता ती दहावीच्या दप्तराच्या चेनला लटकते आहे. "काकांनी मागितली तर देईन," म्हणते. तेव्हा कृपा करून मागू नका.

येत्या रविवारी घरी तांबडा-पांढरा करते आहे. काकूंना घेऊन यायचं आहे, साडेबारापर्यंत. हे उद्या रंकाळ्यावर विचारतील तेव्हा "बघू" चालणार नाही. आणि चहा पूर्ण प्यायचा.

तुमची,
गाडीतली एक प्रवासी, फुल तिकीट

ता. क. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र धाकट्यानं भिंतीवरून काढलं. मी सांगितलं नव्हतं.