मोठी गाडी घेण्याआधी सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं, सोबतचे गाडीचे फोटोही. रात्री निवांत बसून एकेक फोटो पाहिला. रंग सुरेख आहे, आतलं लेदर कुठे उसवलेलं दिसत नाही, आणि नव्या मध्यम गाडीच्या पैशांत सात वर्षं वापरलेली ही एवढी मोठी, महागडी गाडी मिळत असेल तर मन ओढ घेणारच. "घेऊ का? एका शब्दात सांग," असं तू विचारलंयस. एका शब्दात सांगायचं तर, घे. पण असलीच गाडी मी सहा वर्षं सांभाळतोय, आणि त्या सहा वर्षांत जे कळलं ते तुला न सांगता नुसतं "घे" म्हणून मोकळं व्हायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

सगळ्यात आधी एक हिशेब डोक्यात पक्का कर. सात वर्षांत गाडीची किंमत उतरली, पण तिचे पार्ट काही स्वस्त झाले नाहीत. हेडलाइट, शॉकअप, सेन्सर, कंट्रोल आर्म हे सगळं आजही त्याच भावानं येतं, ज्या भावानं ती नवी घेणाऱ्या माणसाला आलं असतं. त्यावरची मजुरीही तीच. म्हणजे घेताना ती मध्यम गाडी आहे आणि सांभाळताना मात्र तिच्या मूळ किमतीचीच. जवळची सगळी पुंजी ओतून अशी गाडी घेतलेली आणि पहिल्याच मोठ्या कामाला हात टेकलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी मग महिनोन्‌महिने झाकून उभी राहते, आणि उभ्या गाडीइतकी लवकर खराब होणारी गाडी नाही. तेव्हा हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी बघू नकोस. निदान पाचवा हिस्सा बाजूला काढ, उरलेल्यात बसेल ती घे.

माझं काय झालं ते सांगतो. गाडी घेऊन वर्ष होत आलं होतं. एक दिवस सकाळी खाली गेलो तर गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसलेली. चाकाच्या कमानीत बोटसुद्धा जाईना. चालू केली तर अर्ध्या मिनिटात आपोआप उचलली गेली आणि सरळ झाली. मला वाटलं, काहीतरी तात्पुरतं असेल. पुढचे दोन महिने रोज सकाळी हेच. या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरत राहतो. शेवटी फिटरकडे नेली. त्यानं चाक काढलं, बाटलीत साबणाचं पाणी घेतलं आणि फुग्यावर फवारलं. रबराच्या घडीत, केसाएवढ्या भेगेतून बुडबुडे यायला लागले. एक फुटायचा, लगेच दुसरा यायचा. तो म्हणाला, "साहेब, हे दोन महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर एक फुगा बदलून भागलं असतं." गळती भरून काढायला कॉम्प्रेसर वेळीअवेळी चालत राहिला होता आणि तोही संपत आला होता. फुग्याच्या कितीतरी पट खर्च कॉम्प्रेसरचा झाला. तेव्हापासून या गाडीची बारीकशी तक्रार आली की मी त्याच आठवड्यात गॅरेज गाठतो. तुझ्या फोटोतल्या गाडीलाही हवेचं सस्पेन्शन आहे, पुढच्या पॅनेलवर उंची कमीजास्त करायचं बटण दिसतंय. म्हणून मुद्दाम लिहिलं. बघायला जाशील तेव्हा ती रात्रभर उभी राहिलेली असू दे, आणि चारही चाकांच्या कमानीतलं अंतर टेपनं मोज.

इंजिनही गारच हवं. मालकानं "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" असं म्हटलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ माग. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, सैल झाली असेल तर तिचा खडखडाट गार इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो, मग ऑइलचा दाब चढतो आणि आवाज विरून जातो. काही इंजिनांत ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे नुसत्या चेनसाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणजे पार्ट स्वस्त आणि मजुरी डोळे पांढरे करणारी.

गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घेच, पण फक्त इंजिनपुरता लावून थांबायचं नाही. या गाड्यांत कितीतरी मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, असतात: गिअरबॉक्सचं वेगळं, ब्रेकचं वेगळं, सस्पेन्शनचं, एअरबॅगचं, दारांचं. सगळी वाचून घ्यायची. चालवलेले किलोमीटर पुष्कळ गाड्यांत एकाहून जास्त ठिकाणी नोंदलेले असतात. मीटर मागे फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही, त्यामुळे आकडे ताडून पाहिले तर खोटेपणा उघडा पडतो. आणखी एक खूण सांगतो. विकण्याआधी कुणी फॉल्टचे कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या धुराच्या चाचण्या स्कॅनरवर "अपूर्ण" दिसतात. त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. चाचण्या अपूर्ण आणि मालक म्हणतोय रोज चालवतो, तर मग काल रात्री काय पुसलं, ते विचारायचं.

हात लावून बघायच्याही गोष्टी आहेत. पुढच्या सीटखालचं आणि पायाशी असलेलं कार्पेट तळहातानं दाबून बघ. सनरूफच्या कडेला पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात. पानं आणि धूळ साचून त्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरामागून खाली उतरतं आणि कार्पेटखाली साठतं. नेमकी तिथेच काही गाड्यांत वायरिंगची जोडणी आणि मॉड्यूल बसवलेली असतात. कुबट वास आला तर मी तरी पुढे बोलणी करणार नाही. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे वाच. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत चार वेगवेगळ्या झिजेचे टायर असतील तर त्याचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीवर येतो, आणि जिथे टायरवर पैसे वाचवलेत तिथे आणखी कुठे वाचवले असतील हेही कळतं.

देखभालीचं थोडक्यात लिहितो, कारण तुझा हात या बाबतीत माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे, बदलायचं नसतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आठ गिअरचा जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अनेक महागड्या गाड्यांत असतो तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला. तुझी गाडी त्या उंबरठ्यावरच आहे, तेव्हा घेतल्याघेतल्या हे काम कर. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि एवढं वजनदार धूड घाटातून उतरताना ब्रेक किती तापतात ते तुला सांगायला नको. कूलंटची टाकी, होसची तोंडं, थर्मोस्टॅटचं घर हे सगळं प्लास्टिकचं, आणि सात-आठ वर्षांच्या उष्णतेनं ते ठिसूळ होतं. गळायची वाट न बघता बदल. मी हे टाळलं नाही, त्यामुळे माझं इंजिन एकदाही तापलेलं नाही. डिझेल असेल तर नुसती गावातल्या गावात फिरवू नकोस. धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि ते दहा मिनिटांच्या फेरीत होत नाही.

पार्टच्या बाबतीत एक दिलासा आहे. गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणारा पार्ट बहुधा तिनं स्वतः बनवलेला नसतो. बॉश, मान, लेमफर्डर, साक्स असे मूळ पुरवठादार असतात, आणि पुष्कळदा तोच पार्ट त्यांच्या स्वतःच्या डब्यात बऱ्याच कमी पैशांत मिळतो. नाव नसलेला स्वस्त पार्ट मात्र ब्रेकला आणि स्टिअरिंगला लावायचा नाही. आणि फिटर असा शोध, ज्याच्याकडे तुझ्याच कंपनीच्या गाड्या रोज येतात. या गाड्यांत बॅटरी बदलली तरी पुष्कळदा नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर ती जुन्याच हिशेबानं चार्ज होत राहते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात किल्ली देऊ नकोस.

आता विमा. तू लिहिलंयस, "गाडी जुनीच आहे, सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतो." सुहास, हे मात्र करू नकोस. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा तर लागतोच, पण त्यात तुझ्या गाडीला दमडी मिळत नाही. मागच्या वर्षी उभ्या गाडीला कुणीतरी मागे घेताना धडक देऊन गेलं. दिसायला एवढंसं, बंपरच्या कोपऱ्याला खरचटलेलं आणि हेडलाइटच्या काचेला तडा. बंपर काढल्यावर कळलं की आतला रडार सेन्सर वाकलाय आणि हेडलाइट अडकवायचा कान तुटलाय. तो हेडलाइट म्हणजे काचेआड बसवलेला संगणकच. बिल बघून मी खुर्चीवर बसलो. माझ्या पॉलिसीत पार्टचा घसारा न कापण्याची तरतूद होती म्हणून निभावलं. नसती, तर प्लास्टिक आणि रबराच्या मोठ्या रकमा वयाच्या नावाखाली कापून उरलेलं हातावर ठेवलं असतं. तुझ्या गाडीच्या वयाला ही तरतूद कुठली कंपनी देते ते गाडीचा व्यवहार ठरवण्याआधी विचार, नंतर नको. काही कंपन्या ठरावीक वयानंतर ती देतच नाहीत.

दुसरं, गाडीची किंमत पॉलिसीवर काय लिहिली जाते ते स्वतः बघ. हप्ता कमी यावा म्हणून ती कमी दाखवायला सांगणारे भेटतील. पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर हातात त्याच आकड्याच्या आसपास पडणार, आणि मोठ्या गाडीच्या बाबतीत दुरुस्तीचं बिल त्या आकड्याला फार लवकर गाठतं. जिथे किंमत आधीच दोघांनी मान्य करून लिहिता येते तिथे तशीच लिहून घे. समोरच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो. तो खर्च धरलाय का, विचार. मागच्या मालकानं चाकं, एक्झॉस्ट, इंजिनची ट्यूनिंग यातलं काही बदललं असेल तर ते कंपनीला लेखी कळव. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी तुझ्यावरच उलटतो. त्याची जुनी पॉलिसी आपोआप तुझी होते असंही धरून चालू नकोस. चाव्या दोन्ही घे, कारण चोरीच्या क्लेममध्ये दोन्ही मागतात.

आणि पाणी. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीच्या पावसात माझी गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. सकाळी पाणी ओसरलं, दार उघडून बसलो, आतलं सगळं कोरडं. बोट बटणापर्यंत गेलं आणि मी ते मागे घेतलं. गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेड मागवली. फिटरनं एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला, त्याची खालची कड बोटभर ओली होती. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं असतं आणि मी इंजिन फिरवलं असतं तर पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड वाकले असते, आणि साधी पॉलिसी असल्या नुकसानीला बहुधा हात वर करते, कारण पाण्यानंतर गाडी चालू करणारे आपणच. इंजिनाचं वेगळं संरक्षण मिळत असेल तर घेच. पण ते असलं तरी बटण दाबायचं नाही. झीज आणि बिघाड मात्र विम्यात येतच नाही. हवेचा फुगा, चेन, गिअरबॉक्स यांसाठी वाढीव वॉरंटी हा वेगळा करार असतो. त्यात काय वगळलंय ती पानं आधी वाच.

एवढं लिहून वाटतं, वाचून तू विचार सोडून देशील. तसं होऊ नये. गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला याच गाडीतून घरी आणलं. गाडी खाली घेतली, ती सहज बसली, मग वर केली. दोन तासांचा खराब रस्ता होता. मी आरशात सारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि ती झोपून गेली होती. त्या दिवशी मला सहा वर्षांच्या एकाही बिलाचं काही वाटलं नाही. तुझ्या बाबांना आता कंबरेमुळे लांबचा प्रवास झेपत नाही, असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. तू गाडी का बघतोयस ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळलंय.

तेव्हा असं कर. मालकाला रविवारची वेळ सांग, आणि शनिवारी संध्याकाळनंतर गाडी अजिबात चालू करू नका असं बजाव. मी सकाळी सातला पोचतो. स्कॅनर, टॉर्च, टेप आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. तू फक्त सर्व्हिसची सगळी बिलं आधी मागवून घे आणि गाडीखाली निजता येईल असं जुनं कापड आण. बाबांनाही घेऊन ये. मागच्या सीटवर त्यांनी अर्धा तास बसून बघायला हवं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर