आजीचा पत्र्याचा डबा

देवगड तालुका,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गणपती गेले, चाकरमानी परतले, आणि जाताना गावभर गोळ्या ठेवून गेले. गेला आठवडा तेच निस्तरतोय.

कागदावर मी सरकारी दवाखान्यातला औषध निर्माण अधिकारी, पण इथे सगळ्यांचा कंपाउंडरच. खिडकीतून पट्टी सरकवायची, रजिस्टरात नोंद करायची, की पुढचा. बीपी-शुगरच्या ओपीडीला तर मान वर करायची सोय नसते.

मंगळवारी एक आजी आली. घोटे सुजलेले, कपाळावर खोक. पडवीच्या चिऱ्यावर चक्कर येऊन पडली म्हणे. म्हटलं, "आजी, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये." दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर उपडा केला. आमची अ‍ॅम्लोडिपिन 5, म्हणजे बीपी उतरवणारी गोळी, आणि मुलाने मुंबईहून आणलेली वेगळ्या नावाची गोळी, तीही अ‍ॅम्लोडिपिन 5च! आमची सकाळी पेजेवर, मुलाची रात्री. डोस दुप्पट झाला, पाय सुजले. ती सूज बघून कुणीतरी लघवीची गोळी दिली. या औषधाच्या सुजेला ती फारशी लागू पडत नाही, पण बीपी आणखी उतरवते. वरचं बीपी बसून 118 होतं, उभं केल्यावर 96.

"झिलान मुंबयसून हाडल्यान, ती टाकू कशी?" म्हणाली. काय बोलणार यावर!

गोळी बंद करणं माझ्या हातात नाही. डबा तसाच उचलून डॉक्टरांच्या टेबलावर नेला. त्यांनी लघवीची थांबवली, अ‍ॅम्लोडिपिन एकच ठेवली, आठवड्याने परत बोलावलंय. पण खरं सांगू? तीन महिने तिला पट्टी मीच देत होतो. एकदाही पायांकडे पाहिलं नाही. 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं आपलंच काम म्हणून लिहिलंय, आणि मी मात्र पट्ट्या मोजत बसलेलो.

आता बीपी-शुगरवाल्यांना डबा आणायला सांगतो. दिवसाला चार-पाचच बघून होतात. एकाच्या डब्यात गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक निघाली, दुखणं थांबवणारी पण बीपी वाढवणारी. रोज घेतोय आणि बीपी का उतरत नाही म्हणून आम्हालाच विचारतोय. एक काकू एकादशीला निरंकार उपास करतात आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड मात्र न चुकता घेतात. दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात. त्यांना वाटतं देवाची परीक्षा. पुढच्या एकादशीआधी डॉक्टरांना भेटूनच जा म्हटलंय.

तुझं औषधांचं दुकान लालबागला, म्हणून हे लांबण. "गावाला आईसाठी न्यायच्यात" असं कुणी म्हणालं, की आधी विचार, तिकडे सरकारी दवाखान्यातून काय मिळतं? आणि पट्टीवर मार्करने औषधाचं मूळ नाव मराठीत ठळक लिही. ब्रँड काहीही असो, मला इथे जुळवता येईल.

आजीच्या मुलाला फोन केला होता. आधी चिडला, मग म्हणाला, पुढच्या वेळी पट्टीचा फोटो पाठवतो.

कुळथाचं पीठ एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
कंपाउंडर