तानपुरा गवसणीतून बाहेर काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात कुणी गवई नाही. तरी सासूबाई रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून तानपुरा लावायच्या आणि अर्धा तास यमन नाहीतर पूरिया धनाश्री गायच्या. आम्ही पोळ्या लाटता लाटता ऐकायचो, मुलं अभ्यासाची वही घेऊन तिथेच बसायची. यमनातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, कुणाला मुद्दाम शिकवावा लागला नाही.

त्या गेल्या आणि तानपुरा गवसणीत गेला, वीसेक वर्षं भिंतीवर टांगलेलाच राहिला. माझी नात गाण्याच्या क्लासला जाऊ लागली, प्रवेशिकेपर्यंत परीक्षाही दिल्या. भूपाचे आरोह-अवरोह धडाधड सांगते. पण अर्धा तास सलग भूप तिने कधी ऐकलाच नव्हता. दोष तिचा नाही; घरात ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी तानपुरा मिरजेला नेला. कारागिरांनी गंजलेल्या तारा बदलल्या, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून जवारी काढली, म्हणजे तारा पुन्हा गुंजतील अशी केली. घोडीवर तारांच्या खाचा होत्या, सासूबाईंच्या रियाजाच्या. त्या कानशीखाली जाताना पोटात कालवलं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि आवाज असा उघडला की नात थबकली. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, एवढ्याच चार तारा. गंधाराची तार नाही, तरी खर्जातून गंधार उमटतो. "आजी, हा ग कुठून येतोय?" स्वयंभू गंधार हा शब्द तिने पुस्तकात वाचला होता, ऐकला त्या दिवशी.

मोबाइलवरचा तानपुरा सोयीचा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा फार आनंद झाला. मात्र कारागिराचं घर चालतं ते वाद्य घेऊन येणाऱ्या माणसांवर. ज्यांच्या घरी असा तानपुरा टांगलेला आहे, त्यांनी तो एकदा जवारीला न्यावा. आणि क्लासची फी भरणाऱ्या पालकांना विनंती, आठवड्यातून एकदा फोन बाजूला ठेवून मुलांजवळ बसा, एकच राग ऐका.

आमच्याकडे आता दर रविवारी सकाळी तानपुरा लागतो. परवा नात भैरव गात होती, तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. तिथूनच म्हणाला, "आई, पंचम जरा उतरलाय." तो गाणं कधीच शिकलेला नाही.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर