बालविभागात डांबलेला नायक

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील त्या अद्भुत महाकादंबरीचे परीक्षण वाचून एक रात्र उलटली, तरी मनातील चीड उतरली नाही, म्हणून हे पत्र. परीक्षकांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. त्यांनी तिन्ही खंड वाचले आहेत काय, एवढीच माझी नम्र पृच्छा आहे.

नायकाला सर्व विद्या आयत्या मिळतात आणि मंत्र म्हणताच संकट टळते, असा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. या नायकाने पाडलेला प्रत्येक पाऊस कोणत्या तरी दुसऱ्या गावाच्या वाट्याचा होता, हे दुसऱ्या खंडात उघडकीस येते आणि एका प्रांतात ज्याला नवस बोलले जातात, त्यालाच शेजारच्या प्रांतात लोक दगड मारतात. धरणाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या आम्हा मंडळींना यातील मेख समजावून सांगावी लागत नाही. परीक्षकांच्या लेखी मात्र हा खंड छापलाच गेलेला नाही. शेवटचे पान तेवढे त्यांनी निगुतीने वाचले असावे, कारण खरा शत्रू कोण, हे त्यांनी तिसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे. माझा तिसरा खंड वाचायचा राहिला होता. आभारी आहे.

तो का राहिला, हेही सांगतो. मी ज्या वाचनालयाचा जुना वर्गणीदार आहे, तेथे मुखपृष्ठावर पंख असलेला प्राणी दिसला म्हणून हे जाडजूड खंड बालविभागात ठेवण्यात आले आहेत आणि बालविभागातील पुस्तक फक्त बालसभासदाला, तेही तो समक्ष आल्यासच, मिळते. माझी वर्गणी आणि अनामत या कामी उपयोगाची नाही, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. अखेर चौथीत शिकणाऱ्या नातवाला सोबत न्यावे लागले. त्या पोराने दोन्ही हातांनी कवटाळून त्यांपैकी एक खंड माझ्या स्कूटरपर्यंत आणला. परंतु एका कार्डावर एकच पुस्तक, या नियमामुळे त्याला स्वतःसाठी हवे असलेले चित्रांचे पातळ पुस्तक मिळाले नाही आणि घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. तिसरा खंड दिवाळीपासून कोणा बालसभासदाकडे अडकला आहे. चौकशी केली असता, ‘मुलं आहेत, आणतील’ असे उत्तर मिळते. हे खंड कादंबरी विभागात हलवावेत, असा लेखी अर्ज मी करणार होतो. आता ग्रंथपाल आपलीच पुरवणी माझ्यापुढे धरतील, कारण ‘किशोरवयीनांचा विरंगुळा’ असा शिक्का आपल्या परीक्षकांनी मारूनच ठेवला आहे.

हा प्रकार मराठी मातीतला नव्हे, असेही ते बजावतात. मराठी कादंबरीने बाळसे धरले तेच अद्भुताच्या मांडीवर. ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६८ सालची आहे. विलक्षण विद्या मिळूनही तिच्यापायी अडलेला नायक तर आमच्या घरचाच. संजीवनी मिळवलेल्या कचाला देवयानीचा शाप असा, की ती विद्या त्याला स्वतःला फळणार नाही. तो ज्याला शिकवील त्याला फळेल. परशुरामांच्या शापामुळे कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवत नाही. कोल्हापुरात राहणाऱ्या खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’त कचाला आणले, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’ दिली आणि ती पुस्तके कोणी बालविभागात ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शाप पुराणातला असला की साहित्य आणि लेखकाने स्वतः रचला की विरंगुळा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला, ते परीक्षकांनी एकदा सांगावे.

कादंबरीत दोष नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या खंडातील गुरुकुलाचे वर्णन कंटाळा येईपर्यंत लांबले आहे आणि राजकन्येला बोलण्यापेक्षा उसासे टाकण्याचेच काम अधिक आहे. पण हे दोष सांगण्यासाठीसुद्धा पुस्तक वाचावे लागते.

लिहायला बसलोच आहे, तर आणखी एक. त्याच पुरवणीत शब्दकोड्याचे उभे शब्द छापले आहेत. आडवे शब्द सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीखाली गेले. ते येत्या रविवारी छापावेत आणि त्यांची उत्तरे तेवढी परीक्षणातून जाहीर करू नयेत, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर