"आपलाच माणूस आहे" म्हणून चर्चमधली पोरं कोणाच्याही हवाली करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरातल्या सदर, मोहननगरकडे रात्री कॅरोल राउंड, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणणं, सुरू होतात, पेपरात फोटोही येतात, लाल टोप्या घातलेली पोरं, गिटार, ढोलकी, बघायला छान वाटतं. मी गेली एकोणीस वर्षं संडे स्कूल घेते, कॅरोलच्या गाडीतही बसते, पण आज त्या फोटोत जे दिसत नाही ते लिहायचंय. रात्री साडेअकराला शेवटचं घर झालं की ही पोरं घरी कशी जातात, कोण सोडतं, हे कुठे लिहून ठेवलेलं असतं का? आमच्याकडे तर नव्हतं. ज्याची बाईक रिकामी त्याच्यामागे बसायचं, "जा बेटा अंकलसोबत", झालं.

हे सुचायचं कारण सांगते. पोरगी ओळखू येऊ नये म्हणून वय, वर्ष बदललंय आणि चर्चचं नाव लिहिणार नाही. मे महिन्यात आमची व्हीबीएस असते, सुट्टीतली बायबल शाळा, सकाळी सात ते दहा, कारण त्यानंतर नागपुरात पोरांना बाहेर काढायची सोय नसते. एक दहा वर्षांची मुलगी रोज सगळ्यांच्या आधी यायची, चटया अंथरायला मदत करायची, ती अचानक यायची बंद झाली. घरी गेले तर आई म्हणे डोकं दुखते तिचं. मुलगी कुलरजवळ बसली होती, जाळीतून पडणाऱ्या पाण्यात बोट फिरवत होती, माझ्याकडे बघेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मिस, मला त्या सामानाच्या खोलीत नाही यायचं."

ती खोली म्हणजे चर्चच्या मागची, चटया, हार्मोनियम, जुनी गाण्याची पुस्तकं ठेवायची, दार जाड सागवानी आणि कडी आतून. आणि तिथे पुस्तकं मोजायला म्हणून पोरांना एकेकटं बोलवणारा माणूस वीस वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, असलेला, सगळ्यांच्या लग्नात वाढपी, सगळ्यांच्या मौतीत धावून येणारा. म्हणूनच कोणाला काही वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

मी कमिटीत सांगितलं तर पहिलं वाक्य काय, "जाऊ द्या नं ताई, कायले वाढवता." दुसरं, आधीच दिवस कसे आहेत, चर्चचं नाव बाहेर गेलं तर लोकांना आयतंच मिळेल. ही भीती मला कळते, मी पण ह्याच समाजातली आहे. पण त्या भीतीपायी त्या माणसाला फक्त "तुम्ही काही दिवस येऊ नका" म्हटलं गेलं आणि तो तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन क्वायरमध्ये उभा राहिला, तिथेही पोरं आहेतच की. मी स्वतः दीड महिना गप्प बसले. ते आजही टोचतं. मग एका संध्याकाळी १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पुढचं कोर्टात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही.

तो फोन करायच्या आधी मला कायदा माहीत नव्हता, आणि कमिटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही नव्हता. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकतो असं ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच पाहिजे, आपल्या इच्छेवर नाही ते. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू असो, प्रेसबिटर असो की सेक्रेटरी, कोणालाच सूट नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, हे फार लोकांना माहीतच नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहीत असून कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर केस झाली होती, नागपूर खंडपीठाने ती रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती परत उभी केली, न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगून. म्हणजे "आम्ही आपसात मिटवलं" असं जे आपण अभिमानाने सांगतो नं, ते मिटवणं नाही, गुन्हा आहे.

आणि आमच्या लोकांना वाटत असेल की हे शाळा-हॉस्टेलात होतं, देवाच्या घरी होत नाही, तर इंग्लंडकडे बघा. तिथे ख्रिस्ती पोरांच्या उन्हाळी शिबिरांतून एका वकिलाने कितीतरी मुलांना मारझोड करून छळलं, चर्चच्या लोकांना १९८० च्या दशकातच कळलं होतं तरी दाबलं गेलं, आणि त्याच्या चौकशीचा रिपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा खुद्द कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. अँग्लिकन जगातलं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं सांगणाऱ्या चर्चमधलं, सगळ्यात मोठं पद ते. आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, त्याच घराण्यातली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय उभी राहिली ती आपल्या ह्याच नागपुरात. कॅथलिक लोकांकडे पण पोपनी २०१९ मध्ये नियम काढले, २०२३ मध्ये पक्के केले, फादर-सिस्टर लोकांना असं काही कळलं तर वर कळवणं बंधनकारक केलं. वर नियम आहेत हो, पण आमच्या सामानाच्या खोलीपर्यंत ते पोचले नाहीत.

आम्ही काय केलं ते सांगते, फार मोठं काही नाही. मंगळवारी बाजारातल्या सुताराला बोलावून त्या सागवानी दाराला वहीएवढी काच बसवली आणि आतली कडी काढून टाकली. तो सुतार म्हणे एवढं चांगलं दार काहून कापता, मी म्हटलं काप तू. पोरांच्या कुठल्याही कार्यक्रमात दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई, आणि ती दोघं एकाच घरची नकोत. सोडायला-न्यायला रजिस्टर, कोणी नेलं त्याची सही. भाडेकरू ठेवताना आपण पोलिसात माहिती देतो मग पोरं ज्याच्या हवाली करतो त्याचं व्हेरिफिकेशन काहून नाही, हे अजून कमिटीत अडलंय, काही ज्येष्ठांना अपमान वाटतो. मला त्यांचा मान आहे, पण ज्याच्या मनात काही नाही त्याला एक फॉर्म भरायला काय हरकत आहे?

काही लोक म्हणतात ह्याने चर्चमधला मोकळेपणा जाईल. आमच्याकडे उलटं झालं. दाराशी रजिस्टर घेऊन बसणाऱ्या ताईंनी येणाऱ्याला नाव विचारायला सुरुवात केली तेव्हा कळलं की गडचिरोलीची एक नर्सिंगची मुलगी चार रविवार शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजन न घेताच निघून जात होती, कोणी तिला साधा सलामही केला नव्हता. आता ती ज्युनिअर वर्ग घेते, अर्थात व्हेरिफिकेशन करून, स्वतःच कागद घेऊन आली. एक आजी गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू शकत नाहीत म्हणून घरीच बसल्या होत्या, हेही त्या रजिस्टरमुळेच लक्षात आलं, पायऱ्यांशेजारी उतार करायचं काम जानेवारीत होईल म्हणतात. दाराशी कोण आलं, कोण गेलं ह्याकडे लक्ष असलं की वाईट माणूसही दिसतो आणि एकटा बसलेला माणूसही.

नागपुरातल्या सगळ्या मंडळ्यांना, सीएनआय, कॅथलिक, मेथडिस्ट, घरोघरी भरणाऱ्या छोट्या संगती, सगळ्यांना माझी विनंती आहे की ह्या नाताळाच्या आधी नोटीस बोर्डवर एक कागद लावा. त्यावर मंडळीतल्या दोन माणसांची नावं, एक बाई एक पुरुष, पाळकाचे नातेवाईक नकोत, आणि खाली ठळक १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, वरती लावला तर तो मोठ्यांनाच दिसतो.

संपादक, तुम्हालाही एक विनंती, अशी बातमी छापताना चर्चचं नाव, मोहल्ला, वडिलांचा धंदा असं छापू नका, त्यावरून अख्ख्या वस्तीला मुलगी कळते आणि कायद्याने ते चालतही नाही. त्या मुलीच्या आईने मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, पेपरात येईल का?

आमची कॅरोलची गाडी ह्या शनिवारी निघते, सोडायच्या यादीवर अजून दोन पालकांच्या सह्या बाकी आहेत. त्या झाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही असं मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

आपली,
एक संडे स्कूल टीचर, सदर, नागपूर