सेगोव्हियाच्या त्या आजोबांना

प्रिय आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मराठी तुम्हाला येत नाही हे ठाऊक आहे. पण मनापासून आभार मानायला मला दुसरी भाषा जमत नाही.

माद्रिदहून भाड्याची कॅम्पर, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही सेगोव्हियात पोचलो तेव्हा गाडीतली पाण्याची टाकी भरलेली, पंप घुर्रघुर्र चालू आणि नळातून नुसती फुसफुस. सिंकमध्ये सकाळच्या पोह्यांची कढई तशीच. गाडीवाल्यांनी फोनवर ‘सोमवारी बघू’ म्हणून हात वर केले. वार होता शनिवार.

तुम्ही कुत्र्याला फिरवत चालला होतात. आवाज ऐकून थांबलात, आत आलात, बाकाखाली वाकून पंपाला कान लावलात आणि म्हणालात, ‘मोनेदा’. मला ऐकू आलं ‘मनी’! मी लगेच वीस युरोंची नोट पुढे केली. तुम्ही खो खो हसलात, स्वतःच्याच खिशातून नाणं काढलंत आणि पाईपच्या क्लिपचा स्क्रू त्याने पिळलात. पाईप सैल झाल्यामुळे पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता, एवढंच. नळ दोनदा खोकला आणि धो धो सुटला. ती नोट मी कशी लपवली, माझं मला माहीत.

मग आम्हाला जलसेतूपाशी नेलंत. अठ्ठावीस मीटर उंचीच्या रोमन कमानी, दगडांत चुन्याचा लवलेश नाही. वर बोट दाखवून तुम्ही ‘घुर्र’ आवाज काढलात आणि मान हलवलीत: याला पंप नाही! डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर गावात यायचं. पाणी भरणाऱ्या पोरीच्या आत्म्याच्या बदल्यात सैतानाने एका रात्रीत तो बांधायला घेतला, कोंबडा आरवला तेव्हा एकच दगड कमी पडला आणि पोरीचा आत्मा वाचला, ही गोष्ट फोनवरच्या भाषांतरातून सांगितलीत. १९९२पर्यंत या कमानींखालून गाड्या जायच्या, हे सांगताना मात्र तुमचा चेहरा आंबट झाला.

आल्काझारचा किल्ला, कॅथेड्रल दुसऱ्या दिवशी पाहिलं. छानच आहे. पण घरी सगळ्यांना सांगितला तो पंपच.

आमचा आल्याचा चहा तुम्हाला झोंबला, तरी कप रिकामा केलात. त्याचेही आभार.

कोर्दोबाच्या वाटेवर क्लिप पुन्हा सैल झाली. या वेळी नाणं माझ्या खिशात होतं.