पडद्यामागच्या हातांचे आभार
रविवारच्या उपासनेत गीताची ओळ पडद्यावर वेळेवर उमटते, ती मागच्या बाकाशेजारी लॅपटॉप सांभाळणाऱ्यांमुळे. तुमचे मनापासून आभार! युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं नीट दिसावीत यासाठीची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली गीतं दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की ‘ख्रिस्त’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. तुम्ही गीतं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलीत, जोडाक्षरं एकेक तपासलीत, पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवलीत. फार किचकट काम हे! पडदा कोरा राहिला की विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडणं, लॅपटॉप मध्येच बंद पडू नये म्हणून स्लीप ‘नेव्हर’वर ठेवणं, नोटिफिकेशन बंद करणं हेही तुम्हीच पाहता. प्रभुभोजनाच्या वेळी पॉवरपॉइंटच्या स्लाइड-शोमध्ये बी ही कळ दाबून पडदा काळा करता, तेव्हा मंडळीचं लक्ष भाकरी आणि प्याल्यावरच राहतं.